ग्राफिक्स कार्ड अनुरूपता (जुना डेस्कटॉप)

जुन्या डेस्कटॉपमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड मावेल का, मावले तर त्याला पुरेशी वीज मिळेल का आणि वीज मिळूनही डिस्प्ले येईल का, याची खरेदीपूर्वी करायची तपासणी. दुकानात ती बहुधा ‘माझ्या मदरबोर्डला चालेल ना?’ एवढ्या प्रश्नात उरकली जाते. मदरबोर्डचा त्रास त्यामानाने कमीच असतो. घोडे अडते ते कॅबिनेटच्या मापावर आणि एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर.

एजीपी या जुन्या स्लॉटच्या काळात (१९९७ पासून पुढे) ३.३ आणि १.५ व्होल्टची कार्डे वेगवेगळी होती आणि स्लॉटमधली खाच पाहूनच कार्ड घ्यावे लागे. २००४ पासून बाजारात आलेल्या पीसीआय एक्स्प्रेसने ही कटकट संपवली. तिच्या सर्व पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात, त्यामुळे आजचे कार्ड दहा-बारा वर्षे जुन्या स्लॉटमध्येही बसते. फक्त वेग दोघांपैकी जुन्याचा मिळतो.

डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० चे उदाहरण बोलके आहे. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली ही २०१२ ची यंत्रे भारतात रिफर्बिश्ड म्हणून अजूनही विकली जातात. पहिली मेख नावातच आहे: डेलने २०२३ मध्ये ‘ऑप्टिप्लेक्स ७०१०’ हेच नाव तेराव्या पिढीच्या प्रोसेसरच्या यंत्राला पुन्हा दिले. तेव्हा नुसते नाव सांगून सल्ला मागू नये, प्रोसेसरही सांगावा. दुसरी मेख आकाराची. २०१२ चे मॉडेल मिनी टॉवर, डेस्कटॉप, स्मॉल फॉर्म फॅक्टर आणि त्याहून छोट्या रूपातही निघाले. मिनी टॉवरमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड बसते. स्मॉल फॉर्म फॅक्टरमध्ये मात्र लो-प्रोफाइल कार्डच लागते. त्याची मागची पट्टी सुमारे ८ सेंटिमीटरची, तर नेहमीच्या कार्डाची १२ सेंटिमीटरची असते. लो-प्रोफाइल कार्डाबरोबर छोटी पट्टी आली आहे ना, हे खोका उघडून पाहावे. सेकंडहँड मालात ती हमखास हरवलेली असते.

लांबी मोजायची ती कॅबिनेटचे झाकण काढून, मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत. जाडीही पाहावी. दोन स्लॉटची जागा खाणारे कार्ड शेजारच्या स्लॉटमधले वायफाय किंवा साउंड कार्ड बाहेर काढायला लावते.

आता वीज. एक्स-१६ स्लॉटमधून कार्डाला कमाल ७५ वॉट घेता येतात. त्याहून जास्त हवे असतील तर एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते: सहा पिनांची आणखी ७५ वॉट देते, आठ पिनांची १५०. ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या मिनी टॉवरमध्ये २७५ आणि स्मॉल फॉर्म फॅक्टरमध्ये २४० वॉटचा एसएमपीएस येतो, आणि ही जादा केबल त्यात नसते. म्हणून अशा यंत्रांसाठी स्लॉटच्या विजेवरच भागणाऱ्या कार्डांची एक वेगळी परंपराच तयार झाली: ६० वॉटचे जीटीएक्स ७५० टीआय (२०१४), ७५ वॉटची जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) व जीटीएक्स १६५० (२०१९), ५३ वॉटचे आरएक्स ६४०० (२०२२) आणि ७० वॉटचे ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० (२०२४). तरीही खबरदारी हवीच. १६५० च्या काही आवृत्त्यांना सहा पिनांची केबल लागते, तेव्हा कार्डाच्या कडेचा फोटो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एसएमपीएसच्या लेबलवरचा मोठा आकडा फसवा असू शकतो. कार्डाला लागणारी वीज मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवरून येते, म्हणून त्या रकान्यातले अ‍ॅम्पियर वाचावेत. तिथे १८ अ‍ॅम्पियर असतील तर हातात २१६ वॉट आहेत. त्यातून आय५-३४७० सारखा ७७ वॉटचा प्रोसेसर, मदरबोर्ड, पंखे आणि डिस्का यांचा वाटा वजा करायचा. केबल नसेल तर साटा कनेक्टरवरून सहा पिना काढून देणारा अ‍ॅडाप्टर स्वस्तात मिळतो. तो घेऊ नये. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटसाठीच बनवलेला आहे आणि समोरचे कार्ड ७५ मागू शकते. वितळलेली प्लास्टिकची टोके यातूनच येतात. एसएमपीएसच बदलावा म्हटले तर ७०१० च्या मदरबोर्डवर नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर आहे. त्याच्या पाठोपाठ आलेल्या ९०२० मध्ये डेलने स्वतःचा आठ पिनांचा वापरला, त्यामुळे तिथे वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो.

काही स्वस्त कार्डे लेनच्या, म्हणजे स्लॉटमधून डेटा वाहणाऱ्या वाटांच्या, बाबतीत हात आखडता घेतात. आरएक्स ६४०० ला सोळाऐवजी चारच लेन आहेत. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर त्या सेकंदाला जवळपास ८ जीबी वाहतात, तिसऱ्या पिढीवर ४, दुसऱ्या पिढीवर २. त्यामुळे कार्डाची ४ जीबी मेमरी भरली आणि डेटा या अरुंद वाटेने येऊ लागला, की गेम अडखळतो. ७०१० चा स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे खरा, पण त्यात दुसऱ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असेल तर तोच स्लॉट दुसऱ्या पिढीचा वेग देतो. शिवाय मिनी टॉवरमधल्या दोन लांब स्लॉटपैकी एकाला आतून चारच लेनची जोडणी आहे. दिसायला दोन्ही सारखेच.

सगळे जुळूनही पंखा फिरतो आणि डिस्प्ले येत नाही, तेव्हा संशय बायोसवर घ्यावा. कोअर २ ड्युओच्या काळातल्या मदरबोर्डांना युईएफआय (बायोसचा नवा अवतार) ठाऊक नाही. काही नव्या कार्डांना तेच हवे असते. आरटीएक्स ५०६० मालिकेच्या रिस्टार्टनंतर काळ्या पडणाऱ्या पडद्यासाठी एन्व्हिडियाला २०२५ मध्ये फर्मवेअर अपडेट काढावा लागला. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार ही मदरबोर्डची सोय लागते आणि इंटेल अधिकृतपणे दहाव्या पिढीपासूनचेच आपले प्रोसेसर सुचवते. ७०१० च्या मालकाने त्या वाटेला जाऊच नये.

मॉनिटर व्हीजीएचा असेल तर आणखी एक खर्च. जीटीएक्स १० मालिकेपासून एन्व्हिडियाने अ‍ॅनालॉग सिग्नल बंद केला, तेव्हा साधा अ‍ॅडाप्टर चालत नाही, अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो.

ड्रायव्हरचे वेळापत्रक निष्ठुर आहे. एन्व्हिडियाने ३२ बिट विंडोजसाठीचे नवे ड्रायव्हर २०१८ मध्ये थांबवले, विंडोज ७ साठीचे गेमचे ड्रायव्हर २०२१ मध्ये. ७५० टीआय आणि १०५० टीआय यांचे गेमचे ड्रायव्हरही ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले. २०२८ पर्यंत त्यांना फक्त सुरक्षेची अपडेट मिळणार आहेत. कार्ड नवे घेतले तरी इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा सूचनासंच नसतो, आणि तो मागणारा गेम सुरूच होत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, सेकंडहँड कार्ड घेताना ते आधी चालवून पाहावे. जुन्या चिपवर बदललेला बायोस चढवून तिला १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार इतके वाढले, की २०१८ मध्ये जीपीयू-झी या मोफत प्रोग्रॅममध्ये बनावट एन्व्हिडिया कार्डे ओळखण्याची सोय आली. अशा कार्डाच्या नावाआधी तो ‘फेक’ असे लिहून दाखवतो.