फ्लॅटआयर्न : इमारत टिकली, वारा रस्त्यावर उतरला

१/ सन १९०२. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि फिफ्थ ॲव्हेन्यू हे रस्ते एकमेकांना तिरके छेदतात, तेथील त्रिकोणी जागेवर सुमारे ८७ मीटर उंचीची इमारत उभी राहिली. वास्तुरचनाकार होते डॅनियल बर्नहॅम. आकार इस्त्रीसारखा, म्हणून नाव रूढ झाले ‘फ्लॅटआयर्न’.

२/ इतकी निमुळती इमारत वादळात कोसळेल, असे भाकीत अनेकांनी केले. ‘बर्नहॅमचा वेडेपणा’ म्हणून तिची टवाळीही झाली. अभियंत्यांनी मात्र वाऱ्याचा दाब गृहीत धरूनच पोलादी सांगाडा रचला होता. इमारत टिकली.

३/ मात्र तो हिशेब इमारतीपुरता होता. तिने अडवलेल्या वाऱ्याचे पुढे काय होते?

४/ जमिनीपासून जितके वर जावे, तितका वारा वेगवान. उंच भिंतीवर तो आदळला की काही भाग माथ्यावरून जातो, काही बाजूंनी वळतो आणि बराचसा भिंतीलगत खाली रस्त्यावर उतरतो. कोपऱ्यांपाशी त्याचा वेग आणखी वाढतो. फ्लॅटआयर्नच्या पायथ्याशी हेच घडू लागले.

५/ टोप्या उडू लागल्या, स्त्रियांना झगे सावरणे कठीण झाले. ती गंमत पाहण्यास जमणाऱ्या टोळक्यांना पोलीस हाकलून लावत. १९०३ मध्ये या कोपऱ्यावरील वाऱ्याचे छोटे चलचित्रही निघाले.

६/ त्याच वर्षी फेब्रुवारीत गमतीचा शेवट झाला. निरोप पोहोचवणारा १४ वर्षांचा एक मुलगा येथे वाऱ्याने रस्त्यावर फेकला गेला आणि मोटारीखाली सापडून मरण पावला.

७/ शंभराहून अधिक वर्षे लोटली. इंग्लंडमधील लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस ही ३२ मजली इमारत २००७ मध्ये पूर्ण झाली. मार्च २०११ मध्ये तिच्या पायथ्याशी वाऱ्याने एक मालट्रक उलटला आणि त्याखाली एका पादचाऱ्याचा अंत झाला. वारा अडवणारे पडदे व झडपा रस्त्यावर बसवल्या गेल्या, त्या यानंतर.

८/ २०१९ मध्ये सिटी ऑफ लंडनने उंच इमारतींसाठी वाऱ्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. इमारत बांधण्याआधीच तिच्या पायथ्याशी चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना वारा कितपत सोसेल, हे आता तपासावे लागते.

९/ फ्लॅटआयर्न आजही जागच्या जागी आहे. वाऱ्यापुढे इमारत कशी टिकवावी, हे तिच्या अभियंत्यांना १९०२ मध्येच उमगले होते. तिच्या सावलीतून चालणाऱ्या माणसाचा विचार नियमांत येण्यास मात्र कित्येक दशके लागली.