खानदेशातल्या न बांधलेल्या भिंती

गेल्या फेब्रुवारीत आम्ही रनाळ्याहून एका दिवसाची सहल काढली. प्रासंगिक कराराची एस. टी., चाळीस माणसं, शिदोरीला कळण्याची भाकरी आणि ठेचा. तोरणमाळ ठरेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मी म्हटलं, निजामपूर-साक्रीच्या वाटेला जाऊ, भिंती पाहायला. निम्मी बस हसली. त्या टेकड्या तर आपण जन्मापासून बघतो!

तसं खरंही आहे. नंदुरबार-धुळ्याच्या उघड्या माळावर जमिनीतून वर आलेल्या काळ्या, अरुंद, सरळ रेषेत धावणाऱ्या डोंगररांगा सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. पण जवळ जाऊन पाहिलं, की माणूस गप्प होतो. दगड एकावर एक आडवे रचलेले, जणू सरपणाची मोळी. बरोबरच्या एका आबांनी विचारलं, "गुरुजी, कोणत्या राजानं बांधली?"

कोणीच नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. ते ज्या खडकांवर पसरले त्यांना आणि पुढं त्या थरांनाही उभ्या भेगा पडल्या. भेगांत खालून तप्त रस घुसला आणि तिथंच थिजला. भोवतालचा खडक झिजून गेला, आतला कठीण रस भिंत होऊन उभा राहिला. भूशास्त्राच्या मराठीत तिला 'भित्ती' म्हणतात. रस थंड होताना भेगेच्या दोन्ही बाजूंकडून आत निवत गेला, म्हणून त्याचे खांब उभे न राहता आडवे पडले. मोळीचं रहस्य ते.

असल्या भिंती पाहायला अमेरिकेत लोक न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात शिपरॉकला जातात. तिथं एका मोठ्या सुळक्यापासून त्या चारी दिशांना फुटल्या आहेत. आपल्याकडं सुळका नाही, पण भिंतींची जत्रा आहे.

या जत्रेकडं शास्त्रज्ञांचं लक्ष फार आधी गेलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्याचा अहवाल १८६९ साली प्रसिद्ध केला. एवढा लाव्हा आला कुठून, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता, कारण ज्वालामुखीचं तोंड म्हणावं असं काही सापडेना. पुढं १९४९ साली जॉन ऑडेन यांनी पश्चिम भारतातल्या भित्तींवर आणि त्यांच्या लाव्ह्याशी असलेल्या नात्यावर मोठा निबंध लिहिला. हे ऑडेन म्हणजे इंग्रजी कवी ऑडेन यांचे थोरले भाऊ. एका भावानं कविता केल्या, दुसऱ्यानं आपले दगड वाचले. २००७ साली नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या दोनशेहून अधिक भित्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत लांब भित्त ७९ किलोमीटरची, सर्वांत जाड ६२ मीटरची. बहुतेक तापीला ढोबळमानानं समांतर, साधारण पूर्व-पश्चिम. म्हणजे इथली जमीन त्या काळी उत्तर-दक्षिण ताणली जात होती. या सगळ्याच भेगांतून लाव्हा वर येऊन पसरला असंही नाही. पुष्कळसा रस वाटेतच थिजला.

हे ऐकून आबा म्हणाले, "मग आमच्या विहिरीचं पाणी?" प्रश्न मोलाचा होता. भित्त सलग असेल तर ती जमिनीखालचा बांध होते, पाणी अडवते. ती भेगाळलेली असेल तर पाणी तिच्यातूनच वाट काढतं. म्हणून एकाच शेताच्या दोन टोकांच्या विहिरींचं नशीब वेगळं असू शकतं. आमच्या शेतकऱ्यांनी हे अनुभवानं ओळखलेलं असतं, कारण तेवढं माहीत नसतं.

परतताना एका वळणावर भिंतीचा मधला तुकडा गायब दिसला. तिथं क्रशर चालू होता, धुळीनं बाभळी पांढऱ्या झालेल्या. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मी खाली उतरून विचारलं, हा दगड जातो कुठं? क्रशरवरच्या पोरानं आमच्या बसच्या चाकांखाली बोट दाखवलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)