स्मरण यंत्राच्या पोटात, की बाहेर?



वाद्य आणि वादन या दोन भिन्न गोष्टी आहेत. ढोलकी हे वाद्य. परंतु तिच्यावर कोणता बोल केव्हा उमटावा, हा क्रम ढोलकीत नसतो, तो वादकाच्या स्मरणात असतो. यंत्रयुगाने हे स्मरणही यंत्राकडे सोपविले आणि मग प्रश्न उभा राहिला : ते वाद्याच्याच पोटात ठेवावे, की त्यासाठी स्वतंत्र यंत्र बाळगावे? उत्सवांतून आणि वाद्यवृंदांतून इलेक्ट्रॉनिक वाद्ये आता खेड्यापाड्यांत पोहोचली आहेत. त्यामुळे खानापूर आणि लोंढा यांच्या मधोमध वसलेल्या गुंजीसारख्या गावासही हा प्रश्न परका राहिलेला नाही.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. सॅम्पलर म्हणजे खऱ्या ध्वनीचा लहानसा तुकडा साठवून ठेवणारे आणि कळ दाबताच तो ऐकविणारे यंत्र. सीक्वेन्सर स्वतः ध्वनी काढीत नाही. कोणती कळ, केव्हा आणि किती जोराने दाबावी, एवढेच तो टिपून ठेवतो. भजनी मंडळाच्या भाषेत सांगावयाचे, तर सॅम्पलर हा गळा आणि सीक्वेन्सर ही अभंगांची वही.

वही गळ्यातच असावी की वेगळी, हा वाद सॅम्पलरहून कितीतरी जुना आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी एडविन व्होटी यांनी १८९५ साली ‘पियानोला’ तयार केला. तो पियानो नव्हता. पियानोपुढे सरकवून ठेवण्याची ती एक पेटी होती. छिद्रे पाडलेल्या कागदाची गुंडाळी तीतून फिरे आणि पेटीची लाकडी बोटे पियानोच्या पट्ट्या दाबीत. पुढे थोड्याच वर्षांत ही यंत्रणा पियानोच्या आतच बसविण्यात येऊ लागली. जागा वाचली, ओढाताण संपली आणि दिवाणखान्याची शोभाही राहिली. परंतु सुट्या पेटीचा एक गुण होता : ती कोणत्याही पियानोपुढे उभी करता येई. अंतर्गत यंत्रणा मात्र त्या एकाच पियानोला बांधलेली राहिली. येथे कारखानदारांनी एक शहाणपणाचे काम केले. १९०८ साली बफेलो येथे भरलेल्या सभेत त्यांनी गुंडाळ्यांचे समान प्रमाण ठरविले. यंत्र कोणाचेही असो, गुंडाळी सर्वांस चालावी, हा त्यातील हेतू.

आता मुंबईकडे वळू. १९८२ साली चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातील वादकाने डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. त्या काळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरातील रसिक चकित झाले. सिंग यांच्यापाशी रोलँड कंपनीची तीन वाद्ये होती : ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यांपैकी एकही सॅम्पलर नव्हे. परंतु तालाचे टीआर-८०८ आणि खर्जाचे टीबी-३०३ या दोहोंच्या पोटात आपापला सीक्वेन्सर होता. दोन यंत्रे, दोन स्मरणे. मग लय एक कशी राखावी? त्यासाठी दोहोंना तारेने जोडून एकाच्या ठोक्यावर दुसऱ्यास चालविण्याची सोय होती. लोंढा जंक्शनवर गोव्याची, हुबळीची आणि बेळगावची गाडी येते, परंतु घड्याळ सर्वांस एकच लागते. तसेच हे. शिवाय टीबी-३०३ मध्ये भरलेली रचना बॅटरीच्या बळावर टिके. बॅटरी संपली की रचनाही गेली.

पुढल्याच वर्षी, १९८३ च्या जानेवारीत, अमेरिकेतील एका प्रदर्शनात दोन भिन्न कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. ही ‘मिडी’ पद्धती. बफेलोच्या सभेने कागदासाठी जे केले, तेच हिने विजेच्या संदेशांसाठी केले. एका तारेतून सोळा वाद्यांना निरनिराळे संदेश धाडता येऊ लागले आणि स्वतंत्र सीक्वेन्सरला खरा अर्थ आला.

यानंतर दोन वाटा स्पष्ट झाल्या. १९८६ चा अकाई एस-९०० हा सॅम्पलर सीक्वेन्सरवाचून आला. त्यास वाजविणारे यंत्र बाहेरून जोडावे लागे. त्याच वर्षीचे रोलँड एमसी-५०० हे नेमके उलट : स्वतःचा आवाज नाही, केवळ क्रमाची वही. दुसऱ्या वाटेवर १९८८ साली रॉजर लिन यांच्या रचनेचे अकाई एमपीसी-६० आले. त्यात सॅम्पलर आणि सीक्वेन्सर एकाच पेटीत नांदत होते. बोटांनी वाजविण्यासाठी त्यावर सोळा चौकोनी गाद्या होत्या. मूळ यंत्रात ध्वनी मावे तो अवघा तेरा सेकंदांचा. तरीही एका माणसाने एका बैठकीत संपूर्ण रचना बांधावी, ही सोय अपूर्व ठरली. विशेष म्हणजे त्याचा सीक्वेन्सर बाहेरची वाद्येही चालवू शके.

मग निवड कशी करावी? समजा, गुंजीतील एखाद्या मंडळाने एका वृद्ध वादकाच्या संबळाचे बोल सॅम्पलरमध्ये साठविले. वाजविणारा एकच, वाद्य एकच आणि आज या गावी तर उद्या त्या गावी जावयाचे असेल, तर अंतर्गत सीक्वेन्सरच बरा. एकच तार, एकच पेटी. बोल आणि त्यांचा क्रम एकत्रच साठवले जातात. परंतु त्याच मंडळापाशी तीनचार यंत्रे असतील आणि वर्षानुवर्षांच्या रचना जपावयाच्या असतील, तर स्वतंत्र सीक्वेन्सर श्रेयस्कर. सॅम्पलर बिघडला वा बदलला, तरी वही शाबूत राहते.

येथे एक सूक्ष्म धोका ध्यानी घ्यावा. बाहेरच्या वहीत केवळ आकडे असतात : छत्तिसावी कळ अमुक क्षणी दाबा, इतकेच. छत्तिसाव्या कळीवर संबळाचा कोणता बोल ठेवला होता, हे ती वही जाणत नाही. ते ध्वनी हरवले, तर उरलेली रचना मुकी होईल. उलट, सारे काही एकाच यंत्राच्या पोटात ठेवले आणि ते यंत्र बंद पडले, तर गळा आणि वही दोन्ही एकदमच जातील. संबळाचा तो वादक आज हयात आहे, उद्या नसेल; मग त्याचा हात पुन्हा कोठून आणावा?

म्हणून यंत्र कोणतेही घ्या, एक नियम पाळा. क्रम सर्वमान्य मिडी फाइलमध्ये उतरवून ठेवा, ध्वनींच्या प्रती यंत्राबाहेर निराळ्या जपा आणि कोणत्या कळीवर कोणता बोल आहे, याची यादी साध्या कागदावर लिहून ठेवा. यंत्रे दहावीस वर्षांत जुनी होतात. हा कागद मात्र पुढल्या पिढीतील कोणासही वाचता येईल आणि त्यावरून संबळ पुन्हा वाजविता येईल.