गणित-अध्यापनातील डिजिटल साधने (बुलढाणा जिल्हा)

संगणक, मोबाइल, टॅब, प्रोजेक्टर आणि त्यांवर चालणारी गणिती सॉफ्टवेअर यांचा गणित शिकण्या-शिकवण्यासाठी होणारा वापर. अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. राज्यात इतरत्र आली तशी ही साधने येथेही बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या सोबतीने वर्गात आली.

राज्य शासनाने २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा निर्णय काढला. त्यानंतरच्या काळात राज्यभर गावोगावी लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहिल्या. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले होते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावरील पाठ एकदा उतरवून घेतले की नेटवर्कशिवाय चालतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांत याचे मोल मोठे. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिका पाठ्यपुस्तकांच्या आधाराने घराघरांत पोचली.

पण पडद्यावर पाठ पाहणे वेगळे आणि गणित करणे वेगळे. मूल स्वतः बिंदू सरकवते, आकृती बदलताना पाहते आणि ‘असे का?’ म्हणून विचारते, तेथे या साधनांचा खरा उपयोग सुरू होतो. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे तयार केलेले जिओजेब्रा हे विनामूल्य सॉफ्टवेअर नेमके हेच करू देते. बालभारतीच्या माध्यमिक गणिताच्या पुस्तकांतही त्याचा उल्लेख आहे.

बुलढाण्याच्या मुलांना त्यासाठी उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. लोणारचे विवर म्हणजे जमिनीवर उमटलेले जवळजवळ वर्तुळच आहे. उपग्रहाने टिपलेले त्याचे चित्र जिओजेब्रात घ्यायचे, काठावर तीन बिंदू ठेवायचे, त्यांना जोडणाऱ्या दोन रेषाखंडांचे लंबदुभाजक काढायचे. ते छेदतात तेथे वर्तुळाचा केंद्रबिंदू. व्यास सुमारे १.८ किमी धरला तर परीघ साधारण ५.६५ किमी आणि काठाच्या आतील क्षेत्रफळ सुमारे २.५४ चौ. किमी येते. खरी मौज पुढे आहे. चौथा बिंदू काठावर ठेवला की तो वर्तुळावर नेमका बसेलच असे नाही, कारण काठ झिजलेला, ओबडधोबड आहे. आणि पहिले तीन बिंदू एकमेकांच्या अगदी जवळ घेतले, तर त्यांतला एक जरासा हलवला तरी केंद्र पार दूर पळते. बिंदू लांब-लांब का घ्यायचे, हे मुलांना तेथे सांगावे लागत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोरच ते घडते. वहीत हे दाखवायचे तर आकृती दहादा खोडावी लागली असती.

सांख्यिकीसाठी स्प्रेडशीट पुरेशी होते. वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरचा कापूस किंवा सोयाबीन किती क्विंटल झाले ते एका स्तंभात भरावे. त्यात एका मोठ्या शेतकऱ्याचा आकडा घातला की मध्य एकदम वर चढतो, मध्यक मात्र फारसा हलत नाही. ‘सरासरी उत्पन्न’ या शब्दामागे काय दडलेले असते, हे शेतकऱ्यांच्या मुलांना कळलेच पाहिजे.

खालच्या इयत्तांत अडचण निराळीच येते. ‘सत्तावन्न’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, पण कळफलकावर आधी पाच दाबावा लागतो. म्हणून लहान मूल ७५ लिहून मोकळे होते. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास सात’ असे वाचनही जोडून दिले, तेव्हा राज्यभर वाद पेटला. संख्या ऐकून टाइप करणाऱ्या मुलाजवळ पाच मिनिटे बसले, तर त्या बदलामागची कळकळ पटते.

दहावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर आजही गणकयंत्र वापरू नये अशी सूचना असते आणि ४० गुणांच्या भूमितीत रचना कागदावर पट्टी-कंपासनेच काढायच्या असतात. त्यामुळे लोणारचे वर्तुळही आधी छापील चित्रावर काढून घेणे सोयीचे पडते: तीन ठिपके, दोन लंबदुभाजक, कंपासचे टोक केंद्रावर. मग तेच पडद्यावर.