तीन टक्के, पण कशाचे?

8 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वरकरणी शाळकरी वाटणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर दिले. सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखीव आहेत, हे सर्वांनाच मान्य होते. हे तीन टक्के कशाचे काढायचे, एवढाच वाद होता. टक्केवारी हा अखेर अपूर्णांकच. त्याला अंश असतो तसा छेदही असतो. अंशाबद्दल भांडण नव्हते, छेदाबद्दल होते. आणि हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले होते केंद्र सरकारने, तेही अंधांच्या एका संघटनेविरुद्ध.

हा थ्रेड त्या छेदाचा इतिहास आहे. लांब आहे, सवडीने वाचावा. ज्या काळच्या कायद्यात जो शब्द होता तोच शब्द इथे ठेवला आहे. म्हणून आधी ‘अपंग’ आणि शेवटी ‘दिव्यांग’.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. 1959 साली, द्वैभाषिक मुंबई राज्य अजून अस्तित्वात असताना, अपंगांसाठीचे देशातले पहिले विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईत उघडले. काम शोधणाऱ्याने तिथे नाव नोंदवावे आणि कार्यालयाने त्याच्यासाठी जागा शोधावी, अशी कल्पना होती. त्याच वर्षी त्याच राज्याने भीक मागण्यास बंदी घालणारा कायदाही केला. भीक म्हणजे काय, हे सांगताना त्या कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांच्या निमित्ताने पैसे मागणे तर धरलेच. शिवाय भिक्षेच्या हेतूने व्रण, जखम, शारीरिक व्यंग किंवा रोग उघडा करून दाखवणे हेही व्याख्येत घातले. पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवण्याची तरतूद होती. पुढे हाच कायदा दिल्लीलाही लागू झाला आणि तिथे तो 2018 पर्यंत टिकला. त्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली.

म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी, सरकारने अपंग माणसासाठी दोन खिडक्या उघडल्या. एका खिडकीवर तो उमेदवार होता, दुसरीवर आरोपी. पहिल्या खिडकीतून पुरेसे लोक कामाला लागले असते, तर दुसरीची गरजच किती उरली असती, हा प्रश्न त्या काळात फारसा विचारला गेला नाही.

काम होते, पण ठरावीक. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी 1943 मध्ये डेहराडूनला एक वसतिगृह सुरू झाले. 1950 मध्ये त्याच गावी प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. 1952 मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघाची स्थापना झाली. या साऱ्या काळात अंध व्यक्तीला शिकवायची कामे जवळपास ठरलेली असत: वेताच्या खुर्च्या विणणे, हातमाग, टोपल्या. शिकवणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. मात्र त्यातून एक समजूत घट्ट झाली, की अपंग माणसाला काय करता येते हे त्याला विचारायचे नसते. तशी एक यादी असते आणि ती दुसऱ्या कोणीतरी करायची असते. ही यादी पुढे फार महाग पडली.

नोव्हेंबर 1977 मध्ये केंद्र सरकारने गट क आणि गट ड या पदांत तीन टक्के आरक्षण लागू केले. अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग अशा तीन वर्गांना प्रत्येकी एक टक्का. गट क म्हणजे कारकून, टंकलेखक वगैरे. गट ड म्हणजे शिपाई, हमाल, सफाई कामगार. अधिकाऱ्यांच्या गट अ आणि ब मध्ये काहीच नव्हते. त्यातला ड गट पाहिला तर विसंगती लगेच ध्यानात येते: अस्थिव्यंग असलेल्या पदवीधराला अंगमेहनतीच्या कामात आरक्षण होते, टेबलावर बसून निर्णय घेण्याच्या कामात नव्हते.

कागदावरचे आरक्षण प्रत्यक्षात उतरेना, तेव्हा माणसे रस्त्यावर आली. मार्च 1980 मध्ये नोकऱ्यांच्या मागणीसाठी दिल्लीत निघालेल्या अंधांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. देशभर संतापाची लाट उठली. पुढचेच वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केले होते.

1986 मध्ये केंद्राने अपंग व्यक्ती कोणकोणती पदे सांभाळू शकतील याची यादी काढली, आणि तीत गट अ व ब मधलीही पदे होती. सरकारी मराठीत यांना ‘सुनिश्चित पदे’ म्हणतात. पण त्या पदांकडे नेणारी नागरी सेवा परीक्षा अंध उमेदवारांना देताच येत नव्हती. पद चालेल, परीक्षा चालणार नाही, असा तो प्रकार. अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. संघटनेची बाजू मांडणारे संतोषकुमार रुंगटा स्वतः दृष्टिहीन वकील होते. मार्च 1993 मध्ये न्यायालयाने लोकसेवा आयोगाला आदेश दिला: ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने त्यांना परीक्षा देऊ द्या.

दरम्यान देशात अपंग किती, याचाच पत्ता नव्हता. ब्रिटिशांनी 1872 च्या पहिल्या जनगणनेपासून अंध, मूकबधिर, कुष्ठरोगी यांची नोंद घेतली होती आणि ती 1931 पर्यंत चालली. 1941 मध्ये ती थांबली आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके थांबलेलीच राहिली. 1981 मध्ये तो प्रश्न परत आला, पण केवळ ‘पूर्णपणे’ अंध, पंगू किंवा मुके अशांपुरता, आणि उत्तर मिळाले सुमारे 11 लाख. 1991 मध्ये प्रश्न पुन्हा गायब. जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने मोहीम चालवल्यावर 2001 मध्ये तो समाविष्ट झाला आणि आकडा आला 2.19 कोटी. वीस वर्षांत लोक वीसपट अपंग झाले नव्हते. मोजणाऱ्यांनी प्रश्न बदलला होता. अनेकांच्या मते तो आकडाही खूपच कमी आहे.

यानंतर मुख्य भाग येतो. डिसेंबर 1995 मध्ये संसदेने अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा संमत केला आणि तो 7 फेब्रुवारी 1996 पासून अमलात आला. त्याचे कलम 32 सांगते की सरकारने अपंगांसाठी पदे सुनिश्चित करावीत. कलम 33 सांगते की प्रत्येक आस्थापनेत किमान तीन टक्के जागा राखाव्यात, आणि त्याच वाक्यात सुनिश्चित पदांचा उल्लेख येतो. आता क आणि ड ची मर्यादा उरली नव्हती. अ आणि ब ची दारेही उघडली होती. मतिमंदत्व आणि मानसिक आजार यांना कायद्याने अपंगत्व मानले, पण त्यांच्यासाठी नोकरीत एकही टक्का ठेवला नाही. त्याची चर्चा फार उशिरा सुरू झाली.

माशी शिंकली ती या दोन कलमांच्या सांध्यावर. प्रशासनाची भूमिका अशी, की आधी यादी आणि मग आरक्षण. नव्या कायद्याखालची यादी मे 2001 मध्ये निघाली. मग 29 डिसेंबर 2005 च्या कार्यालयीन ज्ञापनाने मोजणीची रीत ठरवून दिली. गट क आणि ड मध्ये तीन टक्के सर्व रिक्त पदांवर मोजायचे. गट अ आणि ब मध्ये मात्र केवळ सुनिश्चित पदांच्या रिक्त जागांवर.

इथे वही घेऊन गणित मांडावे. समजा, एका संवर्गात 1000 जागा रिक्त आहेत आणि त्यांतल्या 100 सुनिश्चित पदांच्या आहेत. पहिल्या रीतीने अपंगांना 30 जागा मिळतात, दुसऱ्या रीतीने 3. नियुक्ती दोन्ही वेळा त्या 100 पदांवरच व्हायची. बदलतो तो फक्त छेद. कायद्यातला ‘तीन’ हा आकडा जागच्या जागी आहे आणि दहापैकी नऊ जागा नाहीशा झाल्या आहेत. कोणाला नकार दिल्याची नोंद नाही, कारण नकार द्यायला जागाच निर्माण झालेली नाही. शिवाय यादी लहान ठेवणे हे यादी करणाऱ्याच्याच हाती होते. पगार आणि अधिकार जिथे जास्त, नेमकी तिथेच ही दुसरी रीत लागू होती, हाही योगायोग मानणे कठीण आहे.

महासंघाच्या जनहित याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2008 मध्ये निकाल दिला: छेद एकूण जागांचाच. केंद्र सरकार अपिलात गेले. ते अपील प्रलंबित असतानाच, जुलै 2010 मध्ये, रवी प्रकाश गुप्ता यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी गाठ सोडवली. गुप्ता हे दृष्टिहीन उमेदवार 2006 ची नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाले होते, पण त्यांच्यासाठी जागा नसल्याचे सांगण्यात आले. सरकारचे म्हणणे होते की भारतीय प्रशासकीय सेवेतील पदे दृष्टिहीनांसाठी 2005 मध्ये सुनिश्चित झाली. त्याआधीचा अनुशेष धरताच येणार नाही. न्यायालयाने ते फेटाळले. हक्क कायद्यापासून, म्हणजे 1996 पासून सुरू होतो. यादीची वाट पाहायची ठरवली, तर यादी न करून आरक्षण कायमचे लांबवता येईल, असा त्या निकालाचा आशय होता.

आणि मग 8 ऑक्टोबर 2013. सरन्यायाधीश पी. सदाशिवम, न्या. रंजना देसाई आणि न्या. रंजन गोगोई यांच्या पीठाने सांगितले की तीन टक्के हे संवर्गातील एकूण रिक्त पदांचे. 2005 च्या ज्ञापनातील मोजणी बदला, तीन महिन्यांत रिक्त पदांचा हिशेब करा. आरक्षणावरील 50 टक्क्यांची मर्यादा इथे आड येत नाही, हेही पीठाने स्पष्ट केले. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना ‘समांतर आरक्षण’ हा शब्द तोंडपाठ असतो. 1992 च्या इंद्रा साहनी निकालाने अपंगांचे आरक्षण त्याच प्रकारात घातले होते.

कायदा आला 1996 मध्ये, छेद ठरला 2013 मध्ये. मधली सतरा वर्षे म्हणजे साधारण एका पिढीचे नोकरीचे वय. वयोमर्यादा ओलांडलेल्या उमेदवाराला निकालाची प्रत मिळू शकते, नेमणूक मिळत नाही.

ही वर्षे देशात उदारीकरणाची, भरभराटीची मानली जातात. जागतिक बँकेच्या 2007 च्या अहवालानुसार भारतातील कामाच्या वयाच्या अपंग व्यक्तींत रोजगारात असलेल्यांचे प्रमाण 1991 मध्ये 42.7 टक्के होते. 2002 मध्ये ते 37.6 टक्क्यांवर उतरले होते. घट झाली ती नव्या कायद्याच्या काळात. अबिदींच्या संस्थेने 1999 मध्ये देशातील मोठ्या कंपन्यांची पाहणी केली, तेव्हा कर्मचाऱ्यांत अपंगांचे प्रमाण सरासरी 0.40 टक्के आढळले. सार्वजनिक क्षेत्रात 0.54, खासगीत 0.28 आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांत 0.05. खासगी क्षेत्रावर 1995 च्या कायद्याने सक्ती केलीच नव्हती. पाच टक्के अपंग कर्मचारी ठेवणाऱ्यांना सवलती द्याव्यात, एवढे त्यात म्हटले होते. स्त्रियांची स्थिती अर्थातच अधिक बिकट. 2011 च्या जनगणनेत अपंग पुरुषांपैकी 47 टक्के काम करणारे नोंदले गेले, स्त्रियांपैकी 23 टक्के.

2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 रोजी अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, तीन टक्क्यांचे चार झाले. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार यांना आणि बहुविकलांगांना मिळून अखेर एक टक्का आला. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने कलम 34 मधले दुसरेच शब्द अधोरेखित करावेत: प्रत्येक गटातील ‘संवर्गसंख्येतील एकूण रिक्त पदांच्या’ चार टक्के. सतरा वर्षांचा तो वाद या वेळी कायद्याच्या वाक्यातच मिटवून टाकलेला आहे. ‘सुनिश्चित पदे’ मात्र कलम 33 मध्ये अजून आहेतच.

त्या यादीचा अनुभव महाराष्ट्राला जवळून माहीत आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील या पूर्णतः दृष्टिहीन उमेदवार 2015 च्या नागरी सेवा परीक्षेत 773 व्या आल्या. रेल्वेच्या लेखा सेवेसाठी त्यांची निवड झाली, पण दृष्टी नाही म्हणून नेमणूक नाकारली गेली. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, 124 व्या आल्या, आणि ज्यांना हिशेब तपासण्याचे काम झेपणार नाही असे ठरले होते त्या 2019 मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. वृत्तपत्रांनी जिद्दीची कथा म्हणून ती छापली. ती यादीचीही कथा होती.

जुलै ते डिसेंबर 2018 या काळात राष्ट्रीय नमुना पाहणीची 76 वी फेरी झाली. तीत 15 वर्षांवरील दिव्यांगांमधील बेरोजगारीचा दर 4.2 टक्के निघाला. हा आकडा एकटा वाचला तर परिस्थिती बरी वाटते. पण बेरोजगारीच्या दराचा छेद असतो काम करणारे आणि काम मागणारे मिळून, आणि त्याच पाहणीनुसार श्रमबाजारात असलेल्या दिव्यांगांचे प्रमाण होते 23.8 टक्के. उरलेल्या 76 टक्क्यांत वयोवृद्ध पुष्कळ आहेत, हे खरे. परंतु ज्यांनी कामाचा शोध सोडून दिला तेही त्यांतच आहेत, आणि 4.2 हा आकडा काढताना त्यांपैकी कोणालाही धरलेले नाही.