स्ट्रॉबेरीचा वास नेमका कोणासाठी?

१९८० साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील युफॉला या गावात एक मासा मेला आणि त्याला निरोप देण्यासाठी शेकडो माणसे जमली. माशाचे नाव लेरॉय ब्राउन. गळ आणि आमिषे ठेवण्याची पेटी हीच त्याची शवपेटी, तिला आतून सॅटिनचे अस्तर. दफनानंतर कोणीतरी कबर उकरून मासाच पळवला, खंडणीची चिठ्ठी ठेवली आणि काही आठवड्यांनी तो दूर टल्साच्या विमानतळावर सापडला, तोही दुर्गंधीमुळे. लेरॉयचे संगमरवरी स्मारक आजही त्या गावात आहे.

या हकिगतीतला एक तपशील सहसा हसण्यावारी जातो. १९७३ साली टॉम मान यांनी लेरॉयला पकडले, तेव्हा गळाला लावलेले गांडूळ मऊ प्लास्टिकचे होते आणि त्याला स्ट्रॉबेरीचा वास होता. धरणाच्या पाण्यात जन्मलेल्या माशाचा स्ट्रॉबेरीशी काय संबंध? हा प्रश्न बाळबोध वाटतो. पण त्याचा माग काढत गेले की विसाव्या शतकातील अमेरिकी उद्योग, धरणे आणि बाजारपेठ यांचा बराचसा इतिहास हाती लागतो.

आधी माशाविषयी थोडे. हा लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या जबड्याचा बास. आपल्याकडे ‘सीबास’ म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते तो रायगडचा जिताडा निराळा. दोघांचे कूळही वेगळे. लार्जमाउथ गोड्या पाण्यातला, मूळचा उत्तर अमेरिकेचा. बुडालेल्या झाडांच्या आणि पाणवनस्पतींच्या आडोशाला तो दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालतो. शिकारीसाठी त्याची मुख्य भिस्त डोळ्यांवर आणि पाण्यातील कंपने टिपणाऱ्या, अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदी रेषेवर असते. घ्राणेंद्रिय त्यालाही आहे, पण पहिला हल्ला तो बहुधा नजरेच्या बळावर करतो.

आमिषाला वास लावण्याची हौस मात्र प्लास्टिकपेक्षा कितीतरी जुनी. इंग्लंडमध्ये १६५३ साली प्रसिद्ध झालेल्या आयझॅक वॉल्टनच्या मासेमारीवरील ग्रंथात गांडुळांच्या डबीला आयव्ही वेलीच्या फळांच्या तेलाचे थेंब लावणाऱ्या माणसाचा उल्लेख येतो. तेव्हाही ही गोष्ट गुपितासारखी सांगितली जाई. वासाचे नुसखे गुपित म्हणूनच खपतात, हे सतराव्या शतकात जितके खरे होते तितकेच विसाव्यातही.

प्लास्टिकच्या गांडुळाची जन्मकथा ठरलेली आहे. ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात निक क्रीम नावाचा यंत्रकारागीर राहत असे. १९४९ साली त्याने आणि त्याची पत्नी कॉस्मा हिने स्वयंपाकघरातील शेगडीवर व्हिनाइल, तेले आणि रंग यांचे मिश्रण शिजवून, खऱ्या गांडुळावरून घेतलेल्या साच्यात ते ओतले आणि गळाला लावता येईल असे लवचीक गांडूळ तयार केले. १९५१ पासून टपालाने विक्री सुरू झाली: एका डॉलरला पाच. पुढे हा व्यवसाय टेक्सासमधील टायलर येथे स्थिरावला.

कथा खोटी नाही. मात्र ‘एकांड्या संशोधकाचे स्वयंपाकघर’ हे चित्र इतके गोड आहे की त्यामागचे शहर दिसेनासे होते. ॲक्रन ही अमेरिकेची रबरनगरी होती. गुडरिच कंपनी तेथे १८७० पासून होती. त्यानंतर १८९८ मध्ये गुडइयर आणि १९०० मध्ये फायरस्टोन आली. पीव्हीसी हा पदार्थ १८७२ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान याने नोंदवला खरा, पण तो ठिसूळ असल्याने कोणाच्या उपयोगाचा नव्हता. त्याला मऊ करण्याची युक्ती सापडली ती ॲक्रनमध्येच. १९२६ साली गुडरिचमधील वॉल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. त्या खटपटीत त्याने पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवले आणि निवल्यावर हाती आला तो लवचीक, जेलीसारखा गोळा. त्याचे पेटंट १९३३ मध्ये मिळाले. दुसऱ्या महायुद्धात तारांच्या वेष्टनांसाठी व्हिनाइलची मागणी वाढली आणि युद्ध संपल्यावर हे द्रव्य नागरी बाजारात मुबलक झाले. ज्या शहरात साचे, ओतकाम आणि मऊ व्हिनाइल यांची जाण पिढ्यांनी मुरली होती, त्याच शहरातल्या एका कारागिराला हे सुचावे यात योगायोग फार थोडा आहे. रबरी आमिषांची पेटंटेही अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून निघत होती; परंतु ते रबर ताठर असल्याने पाण्यात जिवंत वाटत नसे. क्रीम दांपत्याचे श्रेय मऊपणाचे आहे, आणि ते पुरेसे मोठे आहे.

जाता जाता एक गंमत. अमेरिकी मत्स्यशौकीन ज्याला ‘नाइटक्रॉलर’ म्हणतात ते जाडजूड गांडूळ अमेरिकेचे मूळ रहिवासी नाही. ते युरोपीय वसाहतकारांच्या मातीसोबत आणि रोपांसोबत आले. म्हणजे नकलेचा मूळ नमुनाही परदेशीच!

तरीही एवढ्याने हे गांडूळ देशभर पसरले नसते. त्याला पाणी हवे होते, आणि ते पाणी सरकारने पुरवले. १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले. युद्धानंतर लष्कराच्या अभियंता दलाने दक्षिणेत धरणांचा धडाका लावला. चॅटाहूची नदीवरील युफॉलाचा जलाशय १९६३ चा, टेक्सासमधील सॅम रेबर्न त्याच दशकाच्या मध्यातला. या जलाशयांत उभी जंगले बुडाली होती. बाससाठी ती आयती घरे ठरली; पण उघडा गळ तेथे टाकला की तो फांदीत अडकलाच म्हणून समजावे. टेक्सासच्या मासेमारांनी तोडगा काढला: गळाचे टोक गांडुळाच्याच अंगात लपवायचे आणि पुढे दोरीवर सरकणारे शिसाचे शंकूच्या आकाराचे वजन ओवायचे. गांडूळ फांद्यांतून सरपटत जाते, अडकत नाही. माशाने जबड्यात धरून हिसका बसला की टोक बाहेर येते. ‘टेक्सास रिग’ या नावाने ही जुळणी रूढ झाली. खऱ्या गांडुळाच्या बाबतीत हे साधत नाही, ते फाटते. प्लास्टिकची सरशी झाली ती मुख्यत: येथे. मासा फसतो हा भाग होताच, पण बुडालेल्या जंगलात टिकणारे आमिष दुसरे नव्हते.

त्यानंतर आल्या स्पर्धा. जून १९६७ मध्ये रे स्कॉट या विमा-विक्रेत्याने आर्कान्सातील बीव्हर लेकवर १०६ स्पर्धकांना प्रत्येकी १०० डॉलर प्रवेशशुल्क घेऊन उतरवले आणि पुढच्याच वर्षी बास मासेमारांची संघटना उभारली. १९७१ च्या पहिल्या ‘क्लासिक’ स्पर्धेत बॉबी मरे याने १०,००० डॉलर जिंकले. नदीकाठचा विरंगुळा आता धंदा झाला. विजेत्याच्या पेटीत कोणते आमिष होते ही बातमी झाली आणि बातमीमागोमाग दुकानात रांग लागू लागली.

या बाजारात टॉम मान शिरले. वन्यजीव खात्यातील रक्षक म्हणून नोकरी केलेला हा माणूस स्वत: उत्तम मासेमार होता आणि त्याहून उत्तम विक्रेता. आपल्या एका आमिषाला त्यांनी राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्यावरून ‘लिटल जॉर्ज’ असे नाव दिले होते. त्यांच्या ‘जेली वर्म’ मालिकेत द्राक्षे होती, स्ट्रॉबेरी होती. रंग फळाचा आणि वासही फळाचा. पाकीट फोडले की मिठाईच्या दुकानाचा दरवळ यावा.

आता मूळ प्रश्न. फळांचे हे सुवास प्रामुख्याने हवेतून पसरणाऱ्या आणि तेलात सहज मिसळणाऱ्या द्रव्यांचे असतात. मऊ व्हिनाइलही तेलकट. त्यात ते छान मुरतात आणि पाण्यात फारसे उतरत नाहीत. माशाला मात्र जे पाण्यात विरघळते तेच कळते. म्हणजे हा दरवळ ज्या नाकासाठी सर्वाधिक सोयीचा होता ते नाक दुकानातील गल्ल्यापुढे उभे होते. ताज्या व्हिनाइलचा रासायनिक दर्प झाकणे, हाताला लागलेल्या पेट्रोलचा आणि तंबाखूचा वास लपवणे, अशी कारणे मासेमार देत, आणि ती अगदीच टाकाऊ नाहीत. शिवाय ज्याचा आपल्या आमिषावर विश्वास असतो तो ते संथपणे, चिकाटीने ओढतो. गांडुळाच्या मासेमारीत हाच गुण फळतो. तेव्हा स्ट्रॉबेरीने मासे मिळवून दिले असतीलही, पण माणसाच्या मार्गाने.

माशाला प्रत्यक्ष विचारण्याचे काम पुढे आयोवा राज्यातील स्पिरिट लेक येथे पद्धतशीरपणे झाले. तेथील बर्कली कंपनी १९३७ साली बर्कली बेडेल या शाळकरी वयाच्या मुलाने सुरू केली होती. पुढे तो अमेरिकी काँग्रेसचा सदस्यही झाला. रसायनतज्ज्ञ जॉन प्रॉक्नाव आणि मत्स्यवर्तनाचे अभ्यासक कीथ जोन्स यांनी तेथे टाक्यांतील माशांपुढे निरनिराळी द्रव्ये ठेवून कोणती स्वीकारली जातात आणि कोणती थुंकली जातात याच्या नोंदी केल्या. या अभ्यासाचा रोख वासाकडून चवीकडे वळला. बासच्या तोंडात आणि ओठांवर रुचिकलिका असतात. पाहून झडप घातल्यावर, तोंडात आलेली वस्तू गिळायची की फेकायची हा निवाडा चव आणि स्पर्श करतात. मांसाहारी माशांची चव जागवण्यात अमिनो आम्लांसारख्या, पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांचा मोठा वाटा असतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘पॉवरबेट’ने हेच विकले: मासा अधिक वेळ धरून ठेवतो. जाहिरातीतला १८ पटींचा आकडा जाहिरातीच्याच मापाने घ्यावा. पण त्या जादा क्षणांचे मोल गळ टाकणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

मिठाची कथा याहून मिस्कील आहे. टल्साच्या जीन लॅर्यू यांनी १९८० च्या दशकात प्लास्टिकमध्ये मीठ मिसळलेली आमिषे लोकप्रिय केली. मीठ म्हणजे रक्ताची चव, असा त्यामागचा समज. १९९० च्या दशकात गॅरी यामामोटो यांचे ‘सेन्को’ आले, साध्या काडीसारखे दिसणारे आणि मिठाने ठासून भरलेले. त्याचे यश चवीपेक्षा वजनात होते. मिठामुळे ते शिसाविना बुडते, आणि बुडताना दोन्ही टोके हलकेच थरथरतात. चवीसाठी घातलेला पदार्थ चालीसाठी उपयोगी ठरला.

राहता राहिला तेलकट व्हिनाइलचा अडसर. बर्कलीने २००० नंतरच्या दशकात ‘गल्प’ आणले. त्यात व्हिनाइल नाही. पाण्याशी सलोखा असलेल्या द्रव्याचे ते आमिष आपली चव भरभर पाण्यात सोडते. पाकीट उघडे राहिले तर ते सुकून कडक होते, याबद्दल मासेमार अजून कुरकुरतात.

मासेमारांना नाही तरी जलाशयांना चिंता वाटावी अशी बाब दुसरीच आहे. मऊ गांडूळ गळावरून सहज निसटते आणि व्हिनाइल तळाशी वर्षानुवर्षे पडून राहते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रुक ट्राउट माशांपुढे गळाविना मऊ आमिषे टाकली गेली. माशांनी ती आपणहून गिळली आणि त्यांची वाढ खुंटली. २०१३ साली मेन राज्याच्या विधिमंडळात अशा ‘रबरी’ आमिषांवर सरसकट बंदीचे विधेयक आले. मासेमारांनी आणि उत्पादकांनी कडाडून विरोध केला, बंदी बारगळली आणि मत्स्यखात्याकडे अभ्यास सोपवण्यात आला. स्ट्रॉबेरीच्या वासाचे गांडूळ आजही विकत मिळते.