चाकरमान्याचा चुकलेला गणपती

सण चुकण्याची धास्ती रत्नागिरी जिल्ह्यात मोबाइलच्या कितीतरी आधी आली, ती मुंबईच्या गिरण्यांबरोबर. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि कातळावरच्या तोकड्या शेतीवर भागत नसलेली माणसे मुंबईची वाट धरू लागली. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्येही या जाण्याची नोंद आहे. बायकामुले, शेत आणि देव गावातच राहिले; पुरुष तेवढा चाकरमानी झाला.

गिरणगावात एका गावचे पुरुष मिळून एक खोली भाड्याने घेत, पाळीप्रमाणे झोपत, खानावळीत जेवत. पैसे मनीऑर्डरने जात, खबर पत्राने येई. ती हाती पडेपर्यंत घडायचे ते घडून गेलेले असे. म्हणून शिमगा आणि गणपती हे दोन सण हट्टाने राखले जात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते आणि कोणाचा मान कोणता हे ठरलेले असते. गणपतीला सगळी भावकी थोरल्या घरी जमते. जो आला नाही त्याची जागा दुसरा घेतो, आणि न आल्याची चर्चा वाडीत पुढे बरेच दिवस चालते. गावाच्या हिशेबातून आपले नाव गळेल, या भीतीने माणसे बिनपगारी रजा पत्करूनही निघत.

फाल्गुनात समुद्र शांत असतो, त्यामुळे शिमग्याला बोट मिळे. हर्णै, दाभोळ, जयगड करत ती रत्नागिरीला येई. अनेक बंदरांत प्रवाशांना पडावातून किनारा गाठावा लागे. पावसाळ्यात मात्र बोटी बंद असत आणि गणपती त्याच काळात येत. पुढे एसटी आली. १८ जानेवारी १९८२ च्या गिरणीसंपानंतर कित्येकजण कायमचे गावी परतले, तर अनेकांची मुले दिवा, विरार, बदलापूरकडे स्थिरावली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा मार्ग सलग सुरू झाला आणि गाव एका रात्रीच्या अंतरावर आले.

आपल्यावाचून काही घडून जाईल, अशा भीतीला ‘फोमो’ (फिअर ऑफ मिसिंग आउट) हे नाव पॅट्रिक मॅकगिनिस यांनी २००४ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थी-पत्रातून रूढ केले. २०१३ मध्ये अँड्र्यू शिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. शिबिल्स्कींसमोर समाजमाध्यमांचे जग होते. रत्नागिरीत २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, तसे वाडीवाडीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले आणि आरती, जाखडी, विसर्जन मुंबईत थेट दिसू लागले. पूर्वी चुकलेला सण पत्रातून कळे, तोवर मन निवलेले असे. आता तो चालू असतानाच दिसतो, आणि म्हणून जास्त लागतो.

२०२० मध्ये करोनामुळे गावी येणाऱ्यांना १० दिवस विलगीकरणात राहण्याची अट होती. घरी बसून सारे पाहता येत असतानाही पुष्कळ चाकरमानी ते दिवस धरून आधीच गावी पोहोचले. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. गणपतीच्या गाड्यांना प्रतीक्षायादी मात्र आजही काही मिनिटांतच लागते.